मुंबई पाहायला कोणता महिना? बारा महिन्यांचा परखड रिव्ह्यू

एका ओळीत उत्तर हवं असेल तर साधारण १५ जानेवारी ते २० फेब्रुवारी. एवढ्यावर तिकीट काढलंत तरी पस्तावणार नाही. अडचण अशी की बहुतेक घरांना सुट्टी मिळते ती मे महिन्यात, दिवाळीत नाहीतर नाताळात, आणि पाहुण्यांना मुंबई सर्वात जड जाते ती नेमकी याच तीन वेळा. म्हणून तपशिलात जायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलवरच्या तापमानावर जाऊ नका. नागपूर-अकोल्यात ४४ अंश सोसणाऱ्याला मुंबईचे ३३ अंश किरकोळ वाटतात. दादर स्टेशनचा पूल चढून उतरेपर्यंत मात्र शर्ट अंगाला चिकटलेला असतो. हवेत बाष्प इतकं असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. शिवाय विदर्भात, मराठवाड्यात रात्री जो उतार मिळतो तो इथे नाही. मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २७ च्या आसपास असतो. तेव्हा मुंबईसाठी महिना ठरवताना कमाल तापमान बाजूला ठेवा आणि दमटपणा, समुद्राची भरती आणि गर्दी या तीन गोष्टी पाहा.

जानेवारी-फेब्रुवारी: दहापैकी नऊ

सांताक्रूझला पहाटे १७-१८ अंश आणि दुपारी ३०-३१. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, त्यामुळे तिथली पहाट दोन-तीन अंशांनी उबदार असते. स्वेटर आणायची गरज नाही. पहाटेच्या लोकलच्या दारात उभं राहायचं असेल तर पातळ जॅकेट पुरतं.

या दिवसांचा खरा फायदा म्हणजे चालता येतं. मुंबईचं जे पाहण्यासारखं आहे त्यातलं निम्मं गाडीतून दिसतच नाही. सीएसएमटी (जागतिक वारसा यादीत २००४ पासून), महापालिकेची इमारत, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, उच्च न्यायालय, ओव्हल मैदान आणि त्याच्या पलीकडची मरीन ड्राइव्हची आर्ट डेको घरं हा सगळा पट्टा रमतगमत अडीच-तीन तासांत पायी होतो. ओव्हलच्या एका बाजूच्या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूची आर्ट डेको रांग मिळून २०१८ मध्ये वारसा यादीत गेल्या, आणि दोन्ही एकाच जागी उभं राहून दिसतात. हे रविवारी सकाळी करा. फोर्टातली कार्यालयं बंद असतात, रस्ते मोकळे असतात, फोटोत टॅक्सी येत नाहीत. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे साडेसातला सुरुवात करून दहापर्यंत आटोपा. जानेवारीतला तिसरा रविवार मात्र टाळा. त्या दिवशी मॅरेथॉन असते आणि दक्षिण मुंबईतले रस्ते दुपारपर्यंत बंद राहतात.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काळाघोडा कला महोत्सव भरतो, नऊ दिवसांचा. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. आठवड्यातल्या दिवशी चारच्या आत गेलात तर मांडणी शांतपणे पाहता येते. फेब्रुवारीत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया फुलतो. त्यासाठी मुद्दाम वाकडी वाट करू नका, पण ठाण्याकडून येत असाल तर खिडकीची जागा धरा.

आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीत फ्लेमिंगो नोव्हेंबरपासून यायला लागतात, पण थवे भरतात ते जानेवारी ते मार्चमध्ये. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पाहायच्या मुख्य जागा दोन. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते. फेरी साधारण तासाभराची असते आणि तिची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरते. म्हणून आधी बुकिंग करा आणि त्या दिवसाचा बाकीचा कार्यक्रम बोटीभोवती बेता. दुसरी जागा शिवडीची जेट्टी. तिथे फुकट पाहता येतं, पण भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर जायला हवं. ऐन ओहोटीत पक्षी चिखलात इतके आत असतात की दुर्बिणीशिवाय नुसती गुलाबी रेघ दिसते. शिवडीतून आता अटल सेतू निघतो, त्यामुळे जुन्या फोटोंतलं निवांत शिवडी मनात धरून जाऊ नका. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सरळ ऐरोली.

एक गुण कापला तो हवेचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा पडलेला असतो, आणि बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर खालीच साचून राहतो. सकाळी गेटवेवरून समुद्राकडे पाहिलं तर क्षितिज नाहीसं झालेलं असतं. दम्याचा त्रास असलेल्यांनी सकाळचं फिरणं नऊनंतर ठेवावं. ज्यांना हे अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी सप्टेंबर बरा.

डिसेंबर: तारखा पाहून

८ ते २० डिसेंबर हा पट्टा उत्तम आहे आणि लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. त्याआधी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर अभिवादनासाठी लाखोंचा जनसागर येतो, शिवाजी पार्कवर महापालिकेची निवास-भोजनाची व्यवस्था असते, मध्य रेल्वे नागपूरकडून खास गाड्या सोडते. अभिवादनासाठीच येत असाल तर प्रश्नच नाही. नुसतं फिरायला येणाऱ्यांनी ४ ते ७ या तारखांना दादरला मुक्काम ठरवू नये. गाड्यांत जागा नसते आणि त्या दिवसांत ती जागा ज्यांची आहे त्यांना मिळावी.

२२ डिसेंबर ते २ जानेवारी हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात फसवा काळ. हवामान चांगलं असतं म्हणून लोक येतात, आणि मग गेटवेला रांग, राणीच्या बागेत पेंग्विनसमोर रांग, जुहूला भेळेच्या गाडीवर रांग. हॉटेलवाले दर चढवून बसलेले असतात. नाताळचं खास पाहायचं तर गिरगावची खोताची वाडी आणि वांद्र्याच्या जुन्या गल्ल्या संध्याकाळी पाहा. बाकी सगळं पंधरा दिवस थांबू शकतं.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारालाच मावळतो. मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त पाहायचा तर साडेपाचला कठड्यावर बसलेले असा. जुलैत हीच वेळ सव्वासातच्या पुढे जाते, फक्त तेव्हा सूर्य दिसत नाही.

मार्च ते मे: चार, तोही आंब्यामुळे

मार्च हा मुंबईचा लबाड महिना. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे प्रत्यक्ष भोगायला मिळतं. समुद्रावरून येणारे खारे वारे एरवी अकरा-बाराच्या सुमाराला सुरू होतात आणि पारा आवरतात. मार्चमध्ये कधी कधी जमिनीकडचे पूर्वेचे वारे जोर धरतात, खारे वारे दुपारी दोन-तीनपर्यंत अडतात, आणि तापमान ३८-४० वर जातं. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ नोंदलं गेलं होतं. मे महिन्यात पारा एवढा चढत नाही, पण दमटपणा त्याची भरपाई करतो.

शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच यावं लागणार असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसहा ते दहा बाहेर, साडेचारनंतर पुन्हा बाहेर, मधला वेळ बंदिस्त जागेत: काळाघोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय (सव्वादहाला उघडतं, नीट पाहायला तीन तास), वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांना, पहिल्या लाँचने जा. गेटवेवरून सुमारे तासाभराचा प्रवास, मग धक्क्यावरून छोटी गाडी किंवा चालत, आणि शंभरावर पायऱ्या. त्या पायऱ्या सकाळी दहाला चढणं आणि दुपारी एकला चढणं यात मे महिन्यात फार फरक पडतो. लेण्यांचं तिकीट (भारतीयांना ४० रुपये) लाँचच्या भाड्यात नसतं, वेगळं काढावं लागतं. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगावर राहू द्या.

हापूस खायचा तर मार्चात घाई करू नका. महात्मा फुले मंडईत, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटात, पेट्या तेव्हा दिसतात पण दर चढे असतात. अक्षय्य तृतीयेच्या आसपास आवक वाढते आणि भाव खाली येतो. एप्रिल-मे महिन्यांत ताम्हण आणि बहावा फुलतो, आणि रखरखीत सिमेंटमध्ये तेवढाच डोळ्यांना आधार.

पावसाळा: कोणासाठी आठ, कोणासाठी तीन

मुंबईचा पावसाळा छान की वाईट हा प्रश्नच चुकीचा. तुमच्याकडे फक्त दोन दिवस असतील आणि यादीत दहा ठिकाणं असतील, तर जुलैत येऊ नका. पाच दिवस असतील आणि एखादा दिवस वाया गेला तरी चालणार असेल, तर हवा वर्षातली सर्वात स्वच्छ, हॉटेलं स्वस्त आणि शहर हिरवं.

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा: २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला होता. सर्वात जोर जुलैत, वर्षाच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त त्या एका महिन्यात. पण तो चोवीस तास कोसळत नाही. दोन-तीन तास झोडपतो, उघडीप देतो, पुन्हा येतो. शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे पाऊसही असू शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७४ पडला होता. म्हणून फोर्टात ऊन पडलंय म्हणून बोरिवलीला निघू नका. जिथे जायचं तिथला अंदाज पाहा.

पाणी का तुंबतं हे समजलं की कधी बाहेर पडायचं ते कळतं. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटी धरून. नंतर ती ५० पर्यंत वाढवण्याचं काम झालं. या वाहिन्या समुद्रात उघडतात. भरती चढली की बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पाणी रस्त्यावर थांबतं. म्हणजे नुसता मुसळधार पाऊस असेल तर तासाभरात निचरा होतो, नुसती मोठी भरती असेल तर काही होत नाही, आणि दोन्ही एकत्र आले की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे बंद. रेल्वेत मध्य मार्गावर कुर्ला ते माटुंगा, हार्बरवर चुनाभट्टी आणि पश्चिमेला वसई-नालासोपारा हे कच्चे दुवे. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या तारखा आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट एकाच दिवशी आले तर एकाच भागात राहा.

असा दिवस काळाघोड्यावर काढायचा. वास्तुसंग्रहालय, समोरचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन (सोमवारी बंद), जहांगीर कलादालन हे सगळं एकमेकांपासून पाच मिनिटांवर आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते, ३३.५ किलोमीटर, जवळजवळ सगळी भुयारी. हुतात्मा चौक स्टेशनवर उतरलात की हे सगळं चालत. विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, दादर, सिद्धिविनायक आणि गिरगावही याच मार्गावर असल्यामुळे पावसाळी मुक्कामासाठी हॉटेल या मेट्रोजवळ घेणं हा आता सर्वात शहाणपणाचा खर्च आहे.

पावसाळ्याची खरी कमाई म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी. उन्हाळ्यात तिथे लेणी दिसतात, पावसाळ्यात त्या डोंगरावर माणसं कशी राहिली ते दिसतं. शंभरावर लेण्यांच्या दारांशी कोरलेल्या पोढी (पाण्याच्या टाक्या), त्यांच्याकडे पाणी नेणारे कातळातले चर, छतावरचं पाणी वळवणारी खोबणी, हे सगळं पाऊस पडत असताना चालू असतं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. तिथे थांबून पाऊस जाऊ द्या. बोरिवली स्टेशनपासून उद्यानाचं दार जवळ, पण दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यामुळे आतली बस धरा. जुलैतले शनिवार-रविवार धबधब्यात भिजणाऱ्यांचे असतात. तुम्ही जा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आणि तेही आठवड्यातल्या दिवशी. कातळावर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे चालत नाही. उद्यानात दर आठ वर्षांनी कारवी फुलते. गेला मोठा बहर २०२४ चा, त्यामुळे सध्या त्या आशेने जाऊ नका.

समुद्राचं मात्र पावसाळ्यात जमत नाही. गेटवे ते मांडवा कॅटामरान बोटी मेअखेर ते ऑगस्टअखेर बंद असतात. घारापुरीच्या लाँच हवामान पाहून सुटतात. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की बंद. जुहू-आक्सावर जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या जेलीफिशचा डंख बसतो, अनवाणी पाण्यात उतरू नका. मासे खायला येणाऱ्यांनीही पंचांग पाहावं: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताटात आलेला पापलेट बहुधा बर्फातला. नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरतो, आणि बोंबील-सुरमईसाठी सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ जून-जुलैपेक्षा कितीतरी सरस.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे. छत्री मरीन ड्राइव्हवर उलटी होते. रेनकोट आणि पटकन वाळणारी रबरी सँडल घ्या.

गणपती

गणपतीसाठी येणं म्हणजे मुंबई पाहायला येणं नव्हे, दोन्ही एकाच फेरीत बसवू नका. आलात तर दुसरा ते चौथा दिवस, पहाटे पाच ते आठ. गिरगावची केशवजी नाईकांची चाळ (उत्सव १८९३ पासून), खेतवाडीच्या गल्ल्या, किंग्ज सर्कलचा जीएसबी गणपती (पाचच दिवस असतो) आणि मग लालबाग. लालबागच्या राजाला नवसाची आणि मुखदर्शनाची अशा दोन वेगळ्या रांगा असतात. चुकीच्या रांगेत लागलात तर अख्खा दिवस गेला. अनंत चतुर्दशीला दुपारनंतर गिरगाव चौपाटीकडचे रस्ते बंद. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला बसतात, म्हणजे जोराचा पाऊस बराच ओसरलेला असेल.

ऑक्टोबर: तीन

पाऊस गेलेला, ढग हटलेले, जमीन ओली, वारा पडलेला. पारा ३४-३५ आणि वर ओलावा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर टाळा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्या सुट्टीचा दुसरा अर्धा भाग चालून जाईल.

महिना ठरल्यावर

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. कोकणातला हिशेब मुंबईलाही लागू आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तिथे भर दुपारी जाऊ नका, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचच्या पुढे जा. अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीत एवढी अडचण येत नाही.

वार तितकेच महत्त्वाचे. सोमवारी घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान, म्हणजे कान्हेरीही, बंद. बुधवारी राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहून गुरुवारी बंद असते. शुक्रवारी चोरबाजार बंद, रविवारी मंगलदास मार्केट बंद. मलबार हिलच्या झाडांमधल्या उन्नत मार्गाला (२०२५ मध्ये सुरू, भारतीयांना २५ रुपये) तासातासाचे स्लॉट ऑनलाइन घ्यावे लागतात आणि शनिवार-रविवारचे लवकर संपतात.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद) असतो, साधारण अकरा ते चार. मेट्रो ३ ला तो लागू नाही. इतर दिवशी सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे सामान घेऊन लोकलमध्ये चढू नका. उलट दिशेने त्याच वेळी बऱ्याचदा जागा मिळते. गावाहून येणाऱ्या गाड्यांचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १५ जानेवारीला निघायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर, सकाळी आठला, तयार राहा.